खेद वाटतो, पण कुणाला?

इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हटले की आपल्याकडचा चांगला शिकलासवरलेला माणूसही दबकतो. एरवी चारचौघांत ठणकावून बोलणारा गृहस्थ कागदावर ‘आय बेग टू स्टेट’ अशी याचना करू लागतो आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ म्हणून मोकळा होतो. समोरच्याने नेमके काय करायचे, हे अर्जात कुठेच नसते. व्याकरणाची चूक मात्र शोधून सापडायची नाही!

या दबकण्याचे मूळ, मला वाटते, शाळेत घोकलेल्या नियमांत आहे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा त्यांतला एक. १६७२ साली कवी ड्रायडनने बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि पुढे मास्तरांनी त्याची छडी केली. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा दुसरा. फाउलरने १९२६ सालच्या आपल्या कोशात या नियमाला बिचकणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली आहे. फाउलर स्वतः शाळामास्तर. म्हणजे घरचाच आहेर.

वाचणाऱ्याच्या कामी येणारे नियम निराळे, आणि थोडे. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिले, ते १९४८ साली. काय म्हणायचे ते आधी ठरवा आणि मग ओळखीच्या, नेमक्या शब्दांत म्हणा, असा त्याचा रोख आहे. स्वल्पविरामही शोभेचा नव्हे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातील यादीत एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे ‘वितरण’ हे स्वतंत्र काम, की वितरणासाठीचे फक्त पॅकिंग, हे कळेना. एका डेअरीचे ट्रकचालक कोर्टात गेले. २०१७ साली अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

पण मला सर्वांत खुपते ते कर्मणी प्रयोगाचे पांघरूण. पूल अमुक साली बांधला गेला, यात काही वावगे नाही. तिथे गवंड्याचे नाव नको असते. आमच्या शेजारच्या वहिनींना पतीच्या निधनानंतर विमा कंपनीचे पत्र आले. ‘इट इज रिग्रेटेड’ अशी सुरुवात, आणि पुढे दावा विचारात घेता येत नाही. खेद कुणाला वाटतो? निर्णय कुणी घेतला, कोणत्या कलमाखाली? पत्रात एकही माणूस नव्हता. त्या बाईंनी भांडायचे तरी कुणाशी?

उत्तर आम्ही चार वाक्यांत लिहिले. पॉलिसीचा क्रमांक, कागद दिल्याची तारीख, नकाराचे कलम कळवा ही मागणी, आणि शेवटी एक सरळ प्रश्न : ‘विच पेपर आर यू वेटिंग फॉर?’

वहिनींचा मुलगा कॉलेजात आहे. ‘काका, शेवटी ‘फॉर’ कसा चालेल?’ म्हणाला.

मी तो तसाच ठेवला.