तुंबलेली लघवी आणि कागदावरचा कोड

पैठण तालुक्यातला एखादा पंचेचाळिशीचा शेतकरी कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आला, असे समजा. सोनोग्राफीत उजवी किडनी फुगलेली दिसते, मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असतो. खडा निघतो, माणूस घरी जातो. पण डिस्चार्ज कार्डावर घाईत एवढेच लिहिले जाते : ‘हायड्रोनेफ्रोसिस’. म्हणजे लघवी तुंबून किडनीला आलेला फुगवटा. तो कशामुळे आला, हे त्या शब्दात कुठेच नाही.

पुढे हा कागद वैद्यकीय अभिलेख कक्षात जातो आणि तिथे आजाराला कोड मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात मूत्रमार्गातील अडथळ्यांचे घर मुख्यतः ‘एन १३’ हे आहे. खड्यामुळे तुंबले असेल तर एन १३.२, मूत्रवाहिनी आकसल्यामुळे तुंबले तर एन १३.१. तुंबलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला की कोड बदलून एन १३.६ होतो. कारण लिहिलेलेच नसेल तर एन १३.३, म्हणजे ‘इतर व अनिर्दिष्ट’. कोड देणारा कर्मचारी रुग्णाला पाहत नाही, तो फक्त कागद वाचतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एन १३.२ आणि एन १३.६ यांतला फरक तर जिवाशी संबंधित आहे. नुसत्या खड्याच्या बाबतीत अनेकदा काही दिवस वाट पाहता येते. तुंबलेल्या किडनीत पू झाला, ताप-थंडी सुरू झाली, की नळी टाकून ती तातडीने मोकळी करावी लागते. नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. असा रुग्ण दगावला आणि मृत्यूच्या प्रमाणपत्रावर कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच आले, तर खड्याने गेलेला माणूस आकडेवारीत खड्याच्या खात्यावर येतच नाही. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी थांबते. प्रमाणपत्राच्या नमुन्यात तात्कालिक कारणाखाली मूळ कारणासाठी ओळ असते, ती याचसाठी.

वयस्क पुरुषांत वेगळीच गफलत होते. लघवी अडली, कॅथेटर घातला, कागदावर ‘लघवी अडणे’. त्याचा कोड आर ३३. हे लक्षण झाले, निदान नव्हे. मागे प्रोस्टेटची वाढ असेल तर एन ४०, मूत्रनलिका आकसली असेल तर एन ३५. दोन्हींचे उपचार वेगळे, शस्त्रक्रियाही वेगळ्या.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पैसे मुख्यतः उपचाराच्या पॅकेजवर ठरतात. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया केली हे काळजीने भरले जाते आणि आजार का झाला हे ओघात उरकले जाते, हे समजण्यासारखे आहे. मात्र मराठवाड्याच्या उन्हात, कमी पाण्यावर राबणाऱ्या किती लोकांच्या किडन्या खड्यांनी तुंबतात हे जिल्ह्याला कळायचे, तर ते निदानाच्या कोडवरूनच. जिथे खड्याऐवजी ‘अनिर्दिष्ट’ लिहिले जाईल, तिथे मूत्ररोगतज्ज्ञाचे पद आणि दुर्बिणीची यंत्रणा मागायला आधार कुठला?

आयसीडीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. ती संगणकासाठी अधिक सोयीची आहे, पण डॉक्टरने न लिहिलेले कारण तिलाही सापडणार नाही. घरी जाताना रुग्णाने कार्डावर चार गोष्टी पाहून घ्याव्यात : बाजू कोणती, अडथळा कुठे, कशामुळे आणि संसर्ग होता का. आत नळी, म्हणजे डीजे स्टेंट, ठेवली असेल तर ती काढायची तारीखही. ती विसरली गेली तर नळीवरच खडे जमतात आणि तोच माणूस पुन्हा तुंबलेली किडनी घेऊन परत येतो.