पहिला फोन कुणाला?

मुलाला पोलिसांनी उचलले की आमच्या मोहल्ल्यातला बाप पहिला फोन नगरसेवकाला करतो. दुसरा जमातीच्या सदरांना. तिसरा पोलिसांत 'ओळख' असलेल्या कुणा भाईला. मग मेव्हणे, साडू, मामू. वकिलाला फोन होतो तो दुसऱ्या दिवशी, मुलाला कोर्टात उभे करून झाल्यावर, आणि तोही "किती लागतील?" एवढेच विचारायला. आमचे म्हणणे सरळ आहे. आमची मुले पोलिसांमुळे जितकी आत राहतात, तितकीच आमच्या या रीतीमुळे राहतात. आणि या पापात आम्ही शिकवणारेही वाटेकरी आहोत.

दोन वर्षांपूर्वीची रमजानमधली रात्र. तरावीह उरकून आम्ही घरी आलो आणि फोन वाजला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप बोलत होता. "सर, बच्चे को उठाके ले गये. आप मराठी पढ़ते, जरा चलो." मुलगा वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. चौकातल्या मारामारीच्या फिर्यादीत त्याचे नाव आले होते. आम्ही पोहोचलो तोवर एक भाई "गुन्हाच दाखल होऊ देत नाही" म्हणून पंधरा हजार रुपये घेऊन गेला होता. गुन्हा दुपारीच दाखल झाला होता.

सकाळी अकरा वाजता वकिलांना फोन लागला. त्यांनी चार प्रश्न विचारले. मुलगा कोणत्या ठाण्यात आहे? गुन्ह्याचा नंबर काय? कलमे कोणती? ताब्यात किती वाजता घेतले? बापाला ठाण्याचे नाव तेवढे सांगता आले. बाकी तीन प्रश्नांना उत्तर नव्हते. मुलाने रात्री तीन कागदांवर सह्या केल्या होत्या. "सर, लिखा क्या था मालूम नहीं," असे तो नंतर आम्हांला म्हणाला. हा मुलगा आमच्या वर्गात बसलेला, दहावीला मराठीत बासष्ट गुण मिळवलेला. दोन दिवस पीसीआर, मग एमसीआर, आणि एकोणिसाव्या दिवशी जामीन. खटला अजून चालू आहे.

हे एका घराचे दुःख असते तर लिहायचे कारण नव्हते. १४ मे २०२३ रोजी शेवगावला दंगल झाली. २९ सप्टेंबर २०२५ रोजी नगर शहरात रांगोळीवरून संताप उसळला, कोठल्याला रास्ता रोको झाला, लाठीमार झाला, सुमारे तीस जण ताब्यात घेतले गेले. त्या दिवशी कुणाचे बरोबर आणि कुणाचे चूक, हा या लेखाचा विषय नाही. ज्या घरातले पोर त्या रात्री परतले नाही, त्या घराने काय करायला हवे होते, हा आमचा विषय आहे.

आमच्याकडे सबबी तयार असतात. पहिली सबब: वकील केला म्हणजे गुन्हा कबूल केला. ही समजूत कोणी पसरवली? राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३८ वे कलम चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क देते. चौकशीचा सगळा वेळ वकील शेजारी बसेल असे नाही, पण भेट नाकारता येत नाही. निरपराध माणसाला तर वकील आधी हवा, कारण आपण कोणत्या कागदावर सही करतो आहोत हे त्याला ठाऊकच नसते.

आमच्या लोकांना कसाबचे नाव निघाले की मान खाली घालावीशी वाटते. पण २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, त्याच निकालात देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याला बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव द्यायची, आणि ऐपत नसेल तर वकील द्यायचा. ज्या हक्कातून तोही वगळला गेला नाही, त्यातून झेंडीगेटचा वेल्डर कसा वगळला जाईल?

दुसरी सबब: पैसे नाहीत. भाईला द्यायला पंधरा हजार होते, वकिलाला नव्हते! बरे, खरोखरच नसतील तर? १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडलेल्या कच्च्या कैद्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गरिबाला फुकट वकील मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या खटल्यात ठरले. देशभरच्या वकिलांना पाठ असलेले त्या खटल्याचे नाव आहे हुसैनआरा खातून. आमच्या मोहल्ल्याला मात्र हे नाव ठाऊक नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. यावर आमची मंडळी म्हणतात, "सरकारी वकील तो सरकार काच रहेगा." सरकारी वकील वेगळा. तो फिर्यादीच्या बाजूने उभा राहतो. विधी सेवेचा वकील आरोपीचा असतो. एवढा फरकही आम्ही पोरांना शिकवला नाही.

तिसरी सबब सर्वांत पवित्र वाटते: अल्लाह मालिक है. बेशक आहे. 'अल-वकील' हे त्याच्याच नावांपैकी एक आहे. पण ताप आल्यावर आम्ही डॉक्टरकडे जातो तेव्हा आमचा तवक्कुल कमी होत नाही. मग कोर्टाच्या पायरीवरच तो कसा कमी होतो?

आता पहिल्या फोनवर काय होते ते सांगतो. अनोळखी वकिलाला रात्री फोन करताना आमचा माणूस रडतो, कहाणी सांगतो, बिरादरीची ओळख सांगतो. वकिलाला त्या घडीला हे नको असते. त्याला हवे असते ते मुलाचे नाव, वय, ठाणे, गुन्ह्याचा नंबर, कलमे, ताब्यात घेतल्याची वेळ, अंगावर मार आहे का आणि आधीचा गुन्हा आहे का. वय आधी सांगावे. अठराच्या आतले मूल लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, ते बाल न्याय मंडळापुढे जाते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालीच पाहिजे असे नाही, पोलीस हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. अशी नोटीस घरी आली तर वकिलाला फोन त्याच दिवशी करायचा, अटकेची वाट पाहायची नाही.

वकील तुम्हांला "गप्प राहा" म्हणेल. त्याचा राग मानू नका. काय घडले याची सगळी हकीकत ठाण्याच्या दारात, लाऊडस्पीकरवर, चुलत्या-मावशींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगायची नसते. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट कायद्याने राखलेली आहे, चहाच्या टपरीवर सांगितलेली नाही. म्हणून वकिलाशी खोटे बोलू नका आणि इतरांशी बोलूच नका. चौकशीत घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही. मोक्कासारखा खास कायदा सोडला तर पोलिसापुढची कबुली पुरावा होत नाही. अटकेच्या कागदावर आणि पंचनाम्यावर सह्या लागतात, पण त्या वाचून करायच्या, समजले नाही तर वाचून दाखवा म्हणायचे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले आहे की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि तत्काळ देता आली नाहीत तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. उर्दू शाळेतून आलेल्या पोराला याहून मोठी ढाल कोणती?

वकील फी सांगेल, ती किती टप्प्यांची आहे हे विचारा. फक्त रिमांडपुरती, जामिनापर्यंत की खटला संपेपर्यंत? वकालतनाम्यावर सही मुलाची लागते, बापाची नाही, कारण पक्षकार मुलगा आहे. "शंभर टक्के सोडवतो, सुटल्यावर द्या" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. "सांगता येत नाही, कागद पाहू द्या" म्हणणारा वकील आमच्या लोकांना कच्चा वाटतो. तोच बहुधा खरा असतो. आणि जामीन मिळाला तरी जामीनदार लागतो, कधी ऐपतीचा दाखला लागतो. आमची घरे आजोबांच्या नावावर, घरपट्टी थकलेली, सातबारा तर नाहीच. मंजूर झालेला जामीन घेऊन पोर आठवडाभर आतच राहते ते या कागदांपायी.

वकीलमंडळींनाही दोन शब्द. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये असे ठराव वकील संघटना करत आल्या आहेत. असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला अ‍ॅड. शाहिद आझमी यांना मुंबईत त्यांच्याच कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या. वय होते बत्तीस. कुणी घेईना ती वकीलपत्रे त्यांनी घेतली होती. त्यांच्या नावाने आम्ही हळहळतो, पण मुलगी "लॉ करते" म्हणाली की तिला डी.एड.ला घालतो.

मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात अब्दुल वाहिद शेख हे शाळामास्तर नऊ वर्षे आत राहून २०१५ मध्ये निर्दोष सुटले. आत असतानाच ते कायदा शिकले. बाकीच्या बारा जणांना २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्यांचे कबुलीजबाब विश्वासास पात्र मानले नाहीत. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असे त्या न्यायालयाने सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एकोणीस वर्षे! त्यातला एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. तुरुंगात जाऊन कायदा शिकण्याची पाळी मास्तरावर यावी, आणि शाळेत तो शिकवण्याची बुद्धी आम्हां मास्तरांना होऊ नये?

फिर्याद, जामीन, वकालतनामा, मुद्देमाल, कैद, हुकूम. कोर्टाच्या मराठीतले निम्मे शब्द आमच्या घरातून गेलेले आहेत. तरी त्या कागदापुढे आमचा मुलगा अंगठेबहाद्दर होतो. दहावीपर्यंत तो मराठीचा पेपर देतो. आम्ही त्याच्याकडून 'पावसाळ्यातील एक दिवस' दहा वेळा लिहून घेतो, पण नोटीस एकदाही वाचून घेत नाही. बी.एड.ला आम्ही पाठ घेतले, तक्ते रंगवले, फळ्यावर सुविचार लिहिले. त्या रात्री तीन कागदांवर झालेल्या सह्यांत आमचीही एक सही आहे.

म्हणून या वर्षीपासून आम्ही नववीच्या मराठीच्या तासाला एक कोरा वकालतनामा आणि एका फिर्यादीची नावे खोडलेली नक्कल घेऊन जाणार आहोत. जमातींनी मय्यतीच्या फंडाशेजारी वकिलाचा फंड ठेवावा. मशिदीच्या सूचनाफलकावर, नमाजच्या वेळांखाली, १५१०० आणि दोन वकिलांचे नंबर लिहावेत. यात पुढाऱ्यांचा अपमान होत असेल तर होऊ द्या. नगरसेवकाला फोन जरूर करा. गटार तुंबले असेल तेव्हा.