क्रीडानगरीच्या आराखड्यात मजूर कोठे आहे?

नोव्हेंबर २०२५ या एकाच महिन्यात तीन गोष्टी घडल्या. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून त्याच्या १०२ एकर जागेवर भव्य ‘क्रीडानगरी’ उभारण्याचा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचा मनोदय जाहीर झाला. २६ तारखेला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. आणि त्याच्या पाचच दिवस आधी, २१ तारखेला, चार श्रमसंहिता अमलात आणून बांधकाम मजूर, ठेका मजूर व स्थलांतरित मजूर यांच्यासाठीचे जुने कायदे मोडीत काढण्यात आले. पहिल्या दोन घटनांचे ढोल वाजले. तिसरीचा त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न सत्ताधाऱ्यांना पडणार नाही, कारण स्टेडियम हे पोलाद, सिमेंट आणि राष्ट्रीय अभिमान यांनी बनते अशी त्यांची धारणा आहे. ते माणसांच्या हातांनी बनते, हे नेहरू स्टेडियमच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरे काहीही सांगत नाही.

हे स्टेडियम १९८२ च्या नवव्या आशियाई स्पर्धांसाठी उभे राहिले. त्या वेळी दिल्लीत एकाच वेळी उड्डाणपूल, स्टेडियमे, हॉटेले आणि खेळाडूंचे निवासग्राम यांची कामे घाईने चालू होती. राजस्थान, उत्तर प्रदेश व ओरिसातून जमादारांनी आणलेले मजूर ती करीत होते. किमान वेतन होते दिवसाला सव्वानऊ रुपये. त्यातील एक रुपया जमादार ‘दलाली’ म्हणून कापून घेई. स्त्रियांच्या हातावर सात रुपये टेकविले जात. चौदा वर्षांखालील मुलेही त्या कामांवर राबत होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने हे सर्व सर्वोच्च न्यायालयापुढे नेले, तेव्हा सरकारपक्षाने काय उत्तर द्यावे? की हे मजूर ठेकेदाराचे आहेत, सरकारचे नव्हेत. की तक्रार करणाऱ्या संघटनेला दाद मागण्याचा अधिकारच नाही. आणि बालमजुरीच्या १९३८ च्या कायद्याच्या यादीत बांधकाम व्यवसायाचा समावेशच नाही!

न्या. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी १८ सप्टेंबर १९८२ रोजी हे तिन्ही बचाव झुगारून दिले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावे लागणे म्हणजेच राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगार होय, असा निःसंदिग्ध निर्वाळा त्यांनी दिला. चाबूक दाखवूनच सक्ती होते असे नाही. भूक हीदेखील सक्तीच आहे, हे भारतीय न्यायशास्त्रातील एक थोर सत्य एशियाडच्या सिमेंट-वाळूतून जन्माला आले. ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हेही तेथेच ठरले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायदा देशात १९८० मध्येच लागू झाला होता. परंतु दिल्लीत त्याचे नियम अमलात यायला जून १९८२ उजाडला. तोवर बहुतेक कामे उरकत आली होती. दिरंगाई कोणाच्या पथ्यावर पडली, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

या निकालापासून काही बोध घेतला गेला काय? अठ्ठावीस वर्षांनी, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी, याच स्टेडियमचे जवळपास नवे बांधकाम करण्यात आले. सुमारे ९६० कोटी रुपये खर्च झाले आणि प्रेक्षागाराच्या डोक्यावर कृत्रिम पटलाचे विस्तीर्ण छत आले. त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला स्पर्धांच्या कामांवर काय आढळले? वेतनात लूट, अपुरी सुरक्षासाधने आणि मजुरांच्या राहण्याची दुर्दशा. स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेल्या असताना २१ सप्टेंबर रोजी स्टेडियमलगतचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून अधिक मजूर जखमी झाले. जगभर चर्चा झाली ती देशाच्या अब्रूची. जखमींचे पुढे काय झाले, याची विचारपूस कोणी केली?

या बांधकामाचे समर्थन ‘बहुउद्देशीय’ या शब्दाने केले जाते. तोही तपासला पाहिजे. चारशे मीटरच्या धावपट्टीने वेढलेले फुटबॉलचे मैदान प्रेक्षकापासून दूर जाते. पट्टी काढावी तर धावपटू बेघर होतो. ही तांत्रिक अडचण जगभरच्या स्थापत्यकारांना ठाऊक आहे. परंतु येथे ‘बहुउद्देश’ याचा व्यावहारिक अर्थ भाडे असा झाला. ऑक्टोबर २०२४ मधील एका संगीताच्या जलशानंतर धावपट्टीवर दारूच्या बाटल्या आणि कचरा पडला होता, सरावाचे साहित्य मोडले होते, अशी तक्रार तेथे रोज धावणाऱ्या खेळाडूंना जाहीरपणे करावी लागली. पुढे २०२५ च्या जागतिक दिव्यांग मैदानी स्पर्धांसाठी नवी धावपट्टी घातली गेली. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये संपली आणि नोव्हेंबरमध्ये सगळेच पाडण्याची वार्ता आली! ज्यांच्या करातून ९६० कोटी गेले, त्यांना कोणी विचारले?

खेळाडूंना मैदाने नकोत काय, असा प्रतिप्रश्न येईल. मैदाने हवीतच, आणि ती तालुक्यातालुक्यांत हवीत. विरोध मैदानाला नाही. मजुराच्या पोटाला चिमटा घेऊन बांधलेल्या आणि पंधरवड्याच्या सोहळ्यानंतर कुलूप पडणाऱ्या देखाव्याला आहे.

आता तर कायद्याचे कुंपणही मागे सरकविण्यात आले आहे. १९७० चा ठेका मजूर कायदा वीस मजूर असलेल्या ठेकेदाराला लागू होत असे. नव्या संहितेत तो आकडा पन्नास झाला. मोठ्या कामाचे तुकडे करून ते पोटठेकेदारांत वाटण्याची कला या धंद्याला कोणी शिकवावयास नको. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी उपकर गोळा होऊ लागला, परंतु त्याचे हजारो कोटी रुपये पडून राहिले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये कठोर ताशेरे ओढावे लागले. पैसा नव्हता, ही सबब म्हणूनच टिकणारी नाही.

म्हणून दिल्लीत वा अहमदाबादेत पहिली कुदळ पडण्यापूर्वी मागणी पुढे आली पाहिजे. निविदेत छताच्या पटलाचा दर जसा लिहिला जातो, तसा मजुरांच्या पक्क्या निवाऱ्याचा, पाण्याचा, शौचालयांचा आणि पाळणाघराचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून लिहिला जावा. वेतन मुकादमाच्या हातून न जाता थेट मजुराला मिळावे. अपघातांची नोंदवही जनतेसाठी खुली असावी. १९८२ च्या निकालात न्यायालयाने कामांवर देखरेखीसाठी तिघा निरीक्षकांची नेमणूक केली होती. तशी देखरेख, कामगार संघटनांच्या प्रतिनिधींसह, पहिल्या दिवसापासून असावी. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. चार दशकांपूर्वीच्या निकालाचे हे केवळ पालन आहे. तेवढेही ज्या शासनाला जमत नाही, त्याने क्रीडानगरीचे नकाशे नाचवू नयेत आणि कामगार संघटनांनी ते मुकाट्याने पाहत बसू नये.