मँचेस्टर पाहताना दारव्हा

#थ्रेड #इतिहास #वऱ्हाड

१/ विदर्भातली मुले आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी इंग्लंडला जातात. मग गावाकडचा एखादा मित्र सवड काढून त्यांना भेटायला जातो. दारव्ह्याहून मँचेस्टरला गेलेल्या अशा पाहुण्याला यजमान मित्र काय दाखवतो? फुटबॉलचे मैदान, कालव्याकाठची उपाहारगृहे, लाल विटांच्या जुन्या इमारती. छायाचित्रे काढून होतात आणि फेरफटका संपतो.

२/ या फेरफटक्यात एक गोष्ट बहुधा राहून जाते. त्या लाल विटांचा आणि दारव्ह्याच्या काळ्या मातीचा संबंध जुना आहे. दारव्ह्याच्या माणसाने मँचेस्टर हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातले एक प्रकरण समजून पाहावे, असे या थ्रेडचे म्हणणे आहे. थांबे पाच आहेत. चार मँचेस्टरमध्ये, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. पाचवा दारव्ह्यात.

३/ थांबा पहिला : चेटॅम ग्रंथालय. इमारत १४२१ ची, ग्रंथालय १६५३ पासूनचे. इंग्रजी भाषक जगातले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय म्हणून ते ओळखले जाते. तिथल्या एका खिडकीपाशी जुने लाकडी मेज आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात दोन मित्र या मेजापाशी बसून वाचत असत. एक या शहरात आधी राहून गेलेला, दुसरा प्रथमच आलेला. फ्रेडरिक एंगल्स आणि कार्ल मार्क्स.

४/ एंगल्सच्या वडिलांची मँचेस्टरजवळ सुती धाग्याच्या गिरणीत भागीदारी होती. १८४२ च्या अखेरीस तो तिथे कामाला आला. मेरी बर्न्स या आयरिश कामगार स्त्रीच्या सोबतीने तो कामगार वस्त्यांत हिंडला. इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरचे त्याचे पुस्तक १८४५ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो मार्क्सला हे शहर दाखवत होता.

५/ मित्राला शहर दाखवण्याची ही एक तऱ्हा. श्रीमंतांची दुकाने जिथे संपतात त्याच्या मागे काय आहे, ते दाखवायचे. पुढे पंचवीस वर्षांनी, १८७० मध्ये, एंगल्सने मार्क्सला लिहिलेल्या पत्रात त्या खिडकीची आठवण काढली आहे. रंगीत काचांमुळे तिथे हवामान नेहमी छानच असे, असा त्या आठवणीचा सूर.

६/ आता १८५३ हे साल लक्षात ठेवावे. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. मे महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे आला. आणि ऑगस्टमध्ये मार्क्सचा भारतावरील लेख न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून या वृत्तपत्रात छापून आला.

७/ मार्क्सचा मुद्दा असा : गिरणीमालकांना भारतात रेल्वे हवी आहे, कारण कापूस आणि इतर कच्चा माल कमी खर्चात बंदरापर्यंत आणायचा आहे. या रेल्वेमुळे भारतात आधुनिक उद्योगही येतील. परंतु राजकीय सत्ता बदलल्याशिवाय त्याची फळे भारतीयांना चाखता येणार नाहीत. हे लिहिणाऱ्याच्या घरखर्चाला एंगल्स मँचेस्टरच्या कापूस व्यवसायातून पैसे पाठवत होता!

८/ थांबा दुसरा : लिव्हरपूल रोड स्थानक. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिचे हे मँचेस्टरकडचे टोक. जगात टिकून राहिलेले हे सर्वांत जुने प्रवासी रेल्वे स्थानक. गाड्या कधीच बंद झाल्या. आज तिथे विज्ञान आणि उद्योगाचे संग्रहालय आहे. लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या कापसाच्या गाठी याच मार्गाने शहरात येत.

९/ त्यांतल्या बहुतेक गाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामांनी पिकवलेल्या कापसाच्या होत्या. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लाखो माणसांच्या पोटावर पाय आला. इंग्लंडच्या इतिहासात हा काळ 'कापसाचा दुष्काळ' या नावाने नोंदला गेला आहे.

१०/ एकाच देशावर विसंबण्यातला धोका गिरणीमालकांनी आधीच ओळखला होता. १८५७ मध्येच मँचेस्टरमध्ये कापूस पुरवठा संघ स्थापन झाला होता आणि त्याची नजर भारतावर होती. युद्ध सुरू झाल्यावर ही नजर वऱ्हाडवर स्थिरावली. काळी माती, जुनी पऱ्हाटी आणि नुकताच हाती आलेला मुलूख.

११/ मग लोहमार्ग आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट वऱ्हाडातून जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला येऊन तिथल्या शाखामार्गाचे उद्घाटन करून गेले. एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या बाजारपेठेचे मोल कळावे.

१२/ थांबा तिसरा : रॉयल एक्स्चेंज. एके काळी इथे हजारो व्यापारी एका छताखाली सूत आणि कापड यांचे सौदे करीत. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० मध्ये, इमारतीवर बॉम्ब पडले. १९६८ अखेर सौदे कायमचे थांबले. १९७६ पासून त्याच दालनात नाट्यगृह आहे. परंतु अखेरच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक वर अजून तसाच ठेवलेला आहे.

१३/ लिव्हरपूलच्या कापूसबाजारात वऱ्हाडी मालाचे नाव होते 'ऊमरा'. ऊमरा म्हणजे अमरावती; इंग्रजांनी उमरावतीचा केलेला उच्चार. हिंगणघाटचा कापूस मात्र हिंगणघाट याच नावाने विकला जाई. गावाच्या नावाने माल ओळखला जाणे, हा त्या काळी मोठा मान होता. पिकवणाऱ्याचे नाव अर्थातच कोणत्याही गाठीवर नसे.

१४/ गिरणी कामगारांना हा माल आवडत नसे. भारतातून येणाऱ्या सगळ्याच आखूड धाग्याच्या कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणत. धागा वारंवार तुटे, कचरा फार निघे, आणि मजुरी कामावर असल्याने मिळकत घटे. 'देवा, कापूस दे, पण सुरत देऊ नकोस' अशी प्रार्थना तिथे केली जाई, असा किस्सा सांगतात. इकडच्या शेतकऱ्याला याची खबरही नव्हती.

१५/ थांबा चौथा : फ्री ट्रेड हॉल आणि लिंकन चौक. ३१ डिसेंबर १८६२ रोजी या सभागृहात कामगारांची सभा भरली. काम नव्हते, घरात अन्न नव्हते, तरी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा देणारे पत्र त्यांनी पाठवले. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने त्यांचे आभार मानणारे उत्तर लिहिले. चौकात लिंकनचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर त्या उत्तरातला मजकूर कोरलेला आहे.

१६/ सगळे लँकेशायर एकमताने गुलामांच्या बाजूने होते असे समजण्याचे कारण नाही. लिव्हरपूलमध्ये दक्षिणेचे समर्थक पुष्कळ होते, आणि काही गिरणी गावांतही. तरीही त्या सभेचे मोल कमी होत नाही. उपाशी माणसांनी दूरच्या अनोळखी माणसांचा विचार केला आणि शहराने ते दगडात कोरून ठेवले. दारव्ह्याच्या पाहुण्याने इथे क्षणभर आदराने थांबावे.

१७/ आणि मग एक प्रश्न विचारावा. त्या गिरण्या पुन्हा चालू राहाव्यात म्हणून ज्या मुलुखाने कापूस पाठवला, त्याचे पुढे काय झाले? युद्धकाळात भाव चढले, तेव्हा वऱ्हाडात खरोखर पैसा आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र उतरले नाही. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी शिरली होती. ती मागे हटली नाही.

१८/ १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत या बदलाची किंमत वसूल झाली. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या जनगणनेत ती सुमारे साडेसत्तावीस लाख भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी घट. अवर्षण हे कारण खरे. पण नगदी पिकावर आणि बाजारातल्या धान्यावर विसंबलेल्या शेतमजुराला भाववाढीनेही मारले.

१९/ लँकेशायरच्या उपासमारीचे स्मारक मँचेस्टरच्या मध्यवस्तीत आहे. वऱ्हाडच्या उपासमारीचे स्मारक मँचेस्टरमध्ये नाही, याचे फारसे आश्चर्य वाटू नये. ते वऱ्हाडातही सहजी दिसत नाही, याचे वाटले पाहिजे. दुसऱ्याने आपली आठवण ठेवावी अशी अपेक्षा करण्याआधी आपण ती ठेवली आहे का, हे तपासायला हवे.

२०/ मँचेस्टरहून थोड्या अंतरावर डार्वेन हे गिरणी गाव आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी गिरणीमालक डेव्हिस कुटुंबाच्या निमंत्रणावरून तिथे गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे आपले काम गेले, असे मानणाऱ्या कामगारांमध्ये ते राहिले. गिरणीतल्या स्त्रियांनी त्यांना घेरून हात उंचावून केलेला जल्लोष छायाचित्रात टिपलेला आहे.

२१/ गांधीजींनी माफी मागितली नाही आणि दोषारोपही केला नाही. तुमची बेकारी खरी आहे, पण भारतातले दारिद्र्य तिच्याहून कितीतरी मोठे आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. यजमानाच्या घरी बसूनही आपला हिशेब नेमका मांडता येतो, याचा हा धडा. पाच वर्षांनी हेच गांधीजी यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहायला आले.

२२/ थांबा पाचवा : दारव्हा-मोतीबाग स्थानक. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ हा अडीच फुटी अरुंद मार्ग घातला गेला. किलिक-निक्सन ही मुंबईतली ब्रिटिश पेढी, आणि तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. बंडीने दिवसेंदिवस लागणारा कापूस आता मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणि तिथून मुंबई बंदरात जाऊ लागला.

२३/ लोकांनी या गाडीला 'शकुंतला' म्हटले. तिच्या वाफेच्या इंजिनाचा जन्म कुठला? मँचेस्टर, १९२१. ते १९२३ मध्ये इथे कामाला लागले आणि एप्रिल १९९४ पर्यंत सत्तर वर्षे राबले. म्हणजे कापूस इकडून तिकडे गेला आणि लोखंड तिकडून इकडे आले. लिव्हरपूल रोड आणि मोतीबाग ही अशा रीतीने एकाच साखळीची दोन टोके ठरतात.

२४/ स्वातंत्र्यानंतरही हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे तो कराराने चालवत राहिली. या नवलाची बातमी दर काही वर्षांनी होते. बातमीत न येणारी बाब अशी की, कापसासाठी घातलेल्या या मार्गाचा ताबा पुढे माणसांनी घेतला. आठवडी बाजार, कॉलेज, सासर-माहेर, दवाखाना. गरिबाला परवडणारी गाडी हीच होती. ती थांबल्यावर लोकांनी आंदोलने केली ती यासाठी.

२५/ म्हणून 'इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली' हे कृतज्ञतेचे वाक्य अपुरे आहे; रेल्वे कोणासाठी घातली, हे त्यात येत नाही. 'सगळी नुसती लूट' हे वाक्यही अपुरे आहे. त्यात लँकेशायरचा उपाशी विणकर येत नाही, इथला सावकार आणि आडत्या येत नाही, आणि त्या गाडीला आपलेसे करणारी माणसेही येत नाहीत.

२६/ मँचेस्टरने बंद पडलेले स्थानक संग्रहालय म्हणून जपले, बंद पडलेला सौद्यांचा फलक जपला. मोतीबाग स्थानक, जुन्या जिन-प्रेसच्या इमारती, त्यांचे धुरांडे, वजनकाटे, हिशेबाच्या वह्या यांचे काय? यवतमाळ जिल्ह्यात आजही पांढऱ्या सोन्याच्या भावावर घरे उभी राहतात आणि कोसळतात. त्या भावाचा दीडशे वर्षांचा इतिहास सांगणारी एक खोली या स्थानकात असावी, ही मागणी अवाजवी नाही.

२७/ तोवर सुरुवात घरापासून करता येईल. ज्यांच्या माळ्यावर जिनाच्या पावत्या, आडतीच्या वह्या, शकुंतलेची तिकिटे किंवा स्थानकाची छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. आजी-आजोबांनी ऐकलेल्या दुष्काळाच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठे दान नाही.

२८/ आणि मँचेस्टरचा मित्र कधी सुट्टीवर गावी आला, तर यजमान होण्याची पाळी दारव्ह्याची. त्याला एंगल्सच्या तऱ्हेने गाव दाखवावे. आधी मोतीबाग, मग एखादे जुने जिन, मग बाजार समितीत लिलावाला उभ्या असलेल्या गाड्या. आजचा भाव काय निघाला, हे तिथल्याच एखाद्या शेतकऱ्याला त्याने स्वतः विचारावे.

(थ्रेड समाप्त)