लस दुकानात, सुई दवाखान्यात



कोकणातील घरांत पावसाळ्यापूर्वी आगोट भरण्याची पद्धत आहे. डाळी-कडधान्ये उन्हे दाखवून डब्यांत भरली जातात, सुकी मासळी बांधून ठेवली जाते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो. घाटावरही याच दिवसांत पापड-कुरडया, तिखट-मसाला आणि छपराची डागडुजी उरकून घेतात. पुढले चार महिने बाहेर पडणे अवघड जाईल, हे गृहीत धरून केलेली ही तरतूद असते. घरात पासष्टीपुढचे कोणी असेल, तर या यादीत आणखी एक गोष्ट असावी, असे मी माझ्या रुग्णांना दरवर्षी सांगतो. ती म्हणजे फ्लूची, अर्थात इन्फ्ल्यूएन्झाची, वार्षिक लस.

हे सांगितले की अलीकडे एक प्रश्न हमखास समोर येतो. ज्यांची मुले इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत, असे आजी-आजोबा विचारतात, “डॉक्टर, आमचे व्याही तिकडे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातात आणि पाच-दहा मिनिटांत लस टोचून घेऊन घरी येतात. आपल्याकडे गल्लोगल्ली मेडिकल असताना आम्ही दवाखान्यात ताटकळत का बसायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना लसीसंबंधी बऱ्याच उपयोगी गोष्टी कळतात, म्हणून आज त्याचाच विचार करू.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१५ पासून औषधांच्या दुकानांत फ्लूची लस देण्याची देशव्यापी सेवा सुरू झाली. ६५ वर्षांवरील व्यक्तींना आणि दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार यांसारखे आजार असलेल्या प्रौढांना तेथे ही लस विनामूल्य मिळते. दुकान घराजवळ असते, संध्याकाळी व बहुधा शनिवारीही उघडे असते, आणि तेथील फार्मासिस्ट ओळखीचा असतो. ज्यांना डॉक्टरांची वेळ घेणे जमत नाही, त्यांची यामुळे मोठी सोय झाली. अमेरिकेतही २००९ पर्यंत सर्व ५० राज्यांत फार्मासिस्टना फ्लूची लस देण्याची परवानगी मिळाली होती.

ही सोय दिसायला सोपी असली, तरी तिच्यामागे चोख शिस्त आहे. लस देणाऱ्या फार्मासिस्टला सुई टोचण्याचे आणि तीव्र ॲलर्जी उद्भवल्यास तातडीने उपचार करण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. लस कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, याचे लेखी निर्देश त्याच्यापाशी असतात. दुकानात आडोशाची स्वतंत्र खोली लागते, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी लागते, फ्रीजच्या तापमानाची नोंद ठेवावी लागते. लस दिल्यावर त्या व्यक्तीच्या नेहमीच्या डॉक्टरांना तसे कळवावेही लागते. शिवाय पात्र व्यक्तींची यादी डॉक्टरांकडे असते आणि हंगाम आला की त्यांना लसीचे निमंत्रण जाते. म्हणजे आपली आठवण ठेवणारे कोणीतरी तेथे नेमलेले आहे. हे सारे आधीपासून होते, म्हणून दुकानातील सोय उपयोगी पडली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी फ्लूची लस नाही. औषधविक्रेत्याने ती टोचण्याची व्यवस्थाही नाही. लस दुकानात मिळते आणि सुई दवाखान्यात टोचली जाते. या दोन ठिकाणांमधला रस्ता मात्र रुग्णाचा मुलगा, सून किंवा शेजारी पार करतो. त्या रस्त्यावरची जबाबदारी कोणाची, हे कोणीच ठरवून दिलेले नाही. या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ऊन लागले की तिचा गुण कमी होतो. गोठली, तर ती वाया जातेच, मग पुन्हा वितळवून उपयोग नाही. आणि अडचण अशी, की खराब झालेली लस डोळ्यांना चांगल्या लसीसारखीच दिसू शकते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत, भाजीच्या पिशवीत किंवा शर्टाच्या खिशात तासभर फिरलेली लस माझ्याकडे अनेकदा येते. ती परत पाठवताना वाईट वाटते, कारण तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये मोजलेले असतात. पण पैसे गेले याचे दुःख मर्यादित असते. निर्गुण लस टोचून घेऊन ‘आता मी सुरक्षित आहे’ अशा समजुतीत पावसाळा काढणे अधिक धोक्याचे आहे.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी डॉक्टरांना विचारावे. ते स्वतः लस मागवून ठेवत असतील, तर उत्तमच. नसतील, तर त्यांच्याकडून चिठ्ठी आणि वेळ घ्यावी आणि त्या वेळेच्या थोडे आधी दुकानातून लस उचलून थेट दवाखान्यात जावे. आदल्या दिवशी आणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. घरचा फ्रीज दिवसातून वीस वेळा उघडतो, वीज जाते, आणि कोणीतरी जागा करण्यासाठी खोका बर्फाच्या कप्प्यात सरकवतो. नेताना थर्मास किंवा थर्माकोलचा डबा घ्यावा, त्यात गार केलेले पॅक ठेवावेत. पॅक आणि लस यांच्यामध्ये कापडाची किंवा वर्तमानपत्राची घडी असावी, म्हणजे लस बर्फाला चिकटून गोठणार नाही.

दुकानदाराला चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. लसींच्या फ्रीजमध्ये तापमापक आहे का? वीज गेल्यास काय व्यवस्था आहे? रात्री दुकान बंद करताना फ्रीज बंद करत नाहीत ना? लसीची मुदत कधी संपते? चांगला औषधविक्रेता या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आपण जाणकार ग्राहक आहोत, हे ओळखून तो फ्रीजचे दार उघडून दाखवतो. पावती घ्यावी आणि खोका फेकू नये, कारण बॅच क्रमांक त्यावरच असतो. मात्र “सुई मीच मारून देतो, दवाखान्याचे पैसे वाचतील” असे दुकानातील कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. इंग्लंडमधील फार्मासिस्टचे प्रशिक्षण, नियम आणि तातडीची तयारी त्या शब्दांमागे नसते.

लस केव्हा घ्यावी? इंग्लंडमध्ये फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तेथे प्रौढांचे लसीकरण शरद ऋतूत होते. आपल्या महाराष्ट्रात त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये असतो, आणि बऱ्याच वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, लहान लाट येते. लस घेतल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे एप्रिल-मे हा काळ उत्तम. त्या वेळी दक्षिण गोलार्धासाठी तयार केलेली ताजी लस घ्यावी. खोक्यावर किंवा आतील माहितीपत्रकात गोलार्ध आणि वर्ष पाहता येते. मे हुकला, तर जूनमध्ये घ्यावी. ‘आता काय, पाऊस सुरू झाला’ म्हणून सोडून देऊ नये. विषाणू रूप पालटत राहतो आणि लसीचे संरक्षणही काही महिन्यांत ओसरते, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. हिवाळा इंग्लंड-अमेरिकेत काढणार असाल, तर तेथे पोहोचल्यावर त्या हंगामाची लस घेण्याबाबत मुलांशी आणि डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. तेथील दुकानांत शुल्क भरूनही ती मिळते. आपली औषधांची यादी आणि ॲलर्जीची माहिती सोबत न्यावी, कारण तेथील फार्मासिस्ट ती विचारणारच.

आणखी एक शंका बरेच जण विचारतात: चार प्रकारांची लस घ्यावी की तीन प्रकारांची? पूर्वी चार प्रकारांच्या लसीत ‘बी’ गटातील यामागाता नावाचा विषाणूही असे. मार्च २०२० नंतर तो जगात आढळल्याची खात्रीशीर नोंद नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आता तीन प्रकार पुरेसे मानले आहेत. तीन प्रकारांची लस ‘कमी प्रतीची’ नव्हे. उरलेल्या तिघांत २००९ साली पुण्याने ज्याची दहशत अनुभवली, त्या ‘स्वाइन फ्लू’च्या एच१एन१ विषाणूचा वंशजही आहे. तो आता दरवर्षी येणाऱ्या फ्लूचाच भाग झाला आहे.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे मी लपवणार नाही. विषाणूशी चांगली जुळलेली लसही साधारण निम्म्याच्या आसपास आजार टाळते आणि उतारवयात तिचा प्रभाव आणखी कमी पडतो. तरीही ती घ्यावी, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत प्रश्न सर्दी-खोकल्याचा नसतो. न्यूमोनिया, रुग्णालयातील मुक्काम, आणि त्यानंतर काठी धरूनही पूर्वीसारखे चालता न येणे, हे टाळायचे असते. हृदयाचाही येथे जवळचा संबंध आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. वृद्धांमध्ये ताप फार चढेलच असे नाही. अचानक गोंधळल्यासारखे वागणे, जेवण सुटणे, तोल जाऊन पडणे, हीच कधी कधी पहिली लक्षणे असतात.

टोचून घेताना डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगाव्यात. आधीच्या लसीनंतर तीव्र ॲलर्जी आली होती का? लसीनंतर सहा आठवड्यांत गिया-बारे नावाचा, हातापायांतील शक्ती जाणारा आजार झाला होता का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ती गोळी मनाने बंद करू नये. सुईची जागा नंतर काही मिनिटे दाबून धरली की सहसा भागते. ताप असेल, तर लस काही दिवस पुढे ढकलावी. साधा मधुमेह किंवा रक्तदाब ही लस टाळण्याची कारणे नाहीत. उलट ती घेण्याची कारणे आहेत. लसीनंतर पंधरा मिनिटे दवाखान्यात बसावे. दंड दुखणे आणि एखादा दिवस कणकण येणे स्वाभाविक आहे. या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे लसीमुळे फ्लू होत नाही.

आता शुश्रूषा करणाऱ्यांकडे वळतो. इंग्लंडमध्ये वृद्ध किंवा अपंग व्यक्तीची मुख्यत्वे काळजी घेणाऱ्यालाही ही लस मोफत दिली जाते. त्यामागचा विचार आपण उचलण्यासारखा आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजींना फ्लू बाजारात भेटत नाही. तो त्यांच्यापर्यंत सुनेच्या, नातवाच्या किंवा सकाळी येणाऱ्या मदतनीस मावशींच्या श्वासातून पोहोचतो. मावशींच्या लसीचा खर्च घराने उचलला, तर तो आजींच्याच औषधपाण्याचा खर्च समजावा. आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनांनो, तुम्ही आजारी पडलात तर घर थांबते. आपली लस शेवटी राहून जाऊ देऊ नका.

इंग्लंडसारखी दुकाने आपल्याकडे कधी होतील, त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दुकान, दवाखाना आणि कुटुंब यांचा मेळ आपणही घालू शकतो. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने किंवा सोसायटीने मे महिन्यातील एक सकाळ ठरवावी. येऊ इच्छिणाऱ्यांची नावे आठवडाभर आधी घ्यावीत. ओळखीच्या डॉक्टरांनी तेवढ्याच लसी मागवाव्यात आणि औषधविक्रेत्याने त्या सकाळी लसीच्या शीतपेटीतून आणून द्याव्यात. लस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तातडीच्या औषधांसह, दवाखान्यातच द्यावी. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्या घरी डॉक्टरांनी तीच शीतपेटी घेऊन जावे. दहा-बारा जण एकत्र आले, तर एकेकट्याची स्कूटरवरची धावपळ वाचते आणि कोणाची लस राहिली, हेही लगेच कळते.

निमंत्रणाचे पत्र मात्र आपल्याला कोणी पाठवणार नाही. म्हणून आजच्या आज आपल्या औषधांच्या फाइलच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या लसीची तारीख लिहावी. ती आठवत नसेल किंवा लस घेतलीच नसेल, तर ती जागा कोरी ठेवून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी.