शर्यत नोव्हेंबरात झाली

केरळातल्या आलप्पुळाच्या पुन्नमडा तलावावर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी नेहरू करंडक नौकाशर्यत व्हायची, हा तिथला शिरस्ता. १९५२ साली पंडित नेहरू सर्पनौकांची शर्यत बघायला गेले आणि सुरक्षारक्षकांची पर्वा न करता विजेत्या नावेत जाऊन बसले. पुढे त्यांनी चांदीचा करंडक पाठवला. २०१८ मध्ये शर्यतीची तारीख होती ११ ऑगस्ट. पावसाचा रंग बघून ती पुढे ढकलली आणि आठवड्याभरात केरळ बुडालं. ४०० हून जास्त माणसं गेली. समुद्रसपाटीच्याही खाली असलेला कुट्टनाड हा भाताचा टापू जवळजवळ रिकामा करावा लागला. नावा वल्हवणारे पुष्कळसे गडी याच टापूतले.

ओणम २५ ऑगस्टला होता. सरकारी सोहळे रद्द झाले, त्यांच्यासाठी राखलेले ३० कोटी मदतनिधीत गेले. इथवर वाद नव्हता. पण सप्टेंबरात आदेश निघाला की वर्षभर सरकारी खर्चाने एकही उत्सव नाही. शालेय कलोत्सव नाही, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही नाही. मग ओरड सुरू झाली. कलोत्सवातल्या यशावर मुलांना परीक्षेत वाढीव गुण मिळतात, त्यांचं काय करायचं? अखेर डिसेंबरात कलोत्सव आलप्पुळातच तीन दिवसांत उरकला, उद्घाटनाच्या थाटाला फाटा देऊन. चित्रपट महोत्सव सरकारी पैशाविना, प्रतिनिधी शुल्क वाढवून २,००० रुपये करून झाला. त्याआधी १० नोव्हेंबरला पुन्नमड्यात नावा उतरल्या होत्या.

म्हणजे रद्द काय झालं? हारतुरे, व्यासपीठ, मंत्र्यांची भाषणं. पूर नसतानाही ती रद्द व्हायला हरकत नाही.

उत्सव म्हणजे चैन, असं गृहीत धरलं की सगळी चर्चाच वाकडी होते. एर्नाकुळम जिल्ह्यातलं चेंदमंगलम हे हातमागाचं गाव. ओणमच्या खरेदीवर भिस्त ठेवून विणलेलं कापड तिथे चिखलात गेलं, मागही निकामी झाले. डागाळलेल्या कापडातून ‘चेकुट्टी’ बाहुल्या करून विकल्या गेल्या, त्याचं देशभर कौतुक झालं. कौतुक रास्तच, पण विणकराला हवं असतं गिऱ्हाईक. ‘यंदा साधेपणाने’ असं शहराने ठरवलं की पहिली कात्री बसते ती खरेदीला.

कोल्हापुरात २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरातही हेच झालं. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात मूर्तिकारांच्या घरांत पाणी शिरलं, करून ठेवलेल्या मूर्ती भिजल्या. देखावा आणि डॉल्बी गाळून वर्गणी पूरग्रस्तांकडे वळवणारी मंडळं शहाणीच. पण मूर्तीच लहान घ्या, जमलं तर यंदा नकोच, असा सल्ला देणाऱ्यांनी आधी कुंभाराची वही बघावी. विसार घेऊन झालेला, रंगाची उधारी डोक्यावर, आणि वर्षाची कमाई त्या दहा दिवसांच्या आसपासची. पुराने त्याचा निम्मा माल नेला असेल, तर उरलेला निम्मा भूतदयेने नेऊ नये.

उत्सवाच्या बाजूने बोलताना एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. कतरीना वादळात, २९ ऑगस्ट २००५ ला, न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मार्डी ग्रा हा तिथला मिरवणुकांचा उत्सव; पुढचा २८ फेब्रुवारी २००६ ला आला. मिरवणुकांचा खर्च तिथले क्लब स्वतः करतात; पोलिसांचा जादा भत्ता आणि कचरा मात्र शहराच्या माथी. तिजोरीत खडखडाट, म्हणून मिरवणुकांचे दिवस आठावर आणले आणि कचऱ्याच्या पिशव्या बनवणारी कंपनी प्रायोजक म्हणून घेतली. हा योग कुणा विनोदी लेखकालाही सुचला नसता. ‘झुलू’ या कृष्णवर्णीयांच्या जुन्या क्लबाचे सभासद घरं गमावून देशभर विखुरले होते. निघायचं की नाही, यावर त्यांच्यात वाद झाला. शेवटी ते निघाले.

ते निघाले हे बरोबरच. पण ह्यूस्टन आणि अटलांटात अडकून पडलेल्या विस्थापितांचा सवाल वेगळा होता: परत यायला आम्हाला घर नाही, मग नाचणारं शहर कुणाचं? मिरवणुकीचं दृश्य टीव्हीवर गेलं की बघणाऱ्याला वाटतं, शहर सावरलं. सरकारलाही तसंच वाटायला हवं असतं. म्हणून उत्सव करावा, पण पुनर्वसनाचा हिशेब त्याच आठवड्यात मागावा.

आलप्पुळाने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ३० जुलैला वायनाडमध्ये दरड कोसळली आणि शर्यत लांबणीवर पडली. नवी तारीख मात्र कुणी सांगेना. सरावशिबिरांवर लाखो रुपये घातलेले बोट क्लब चिडले, तेव्हा कुठे २८ सप्टेंबर ठरला. त्या दिवशी कारिचाल नावेने वीयपुरम नावेला सेकंदाच्या पाच हजारांश फरकाने हरवलं. लांबणीवर टाकतानाच तारीख जाहीर झाली असती, तर महिनाभराचा मनस्ताप वाचला असता.

गणपतीची तारीख अशी पुढे नेता येत नाही. कोल्हापूर-सांगलीत म्हणूनच पुराच्या वर्षी चतुर्थीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत डॉल्बीइतकाच वेळ कुंभारांच्या भिजलेल्या मालाच्या पंचनाम्याला द्यायला हवा, आणि भरपाईची रक्कम आगमनाच्या मिरवणुकांआधी त्यांच्या खात्यात पडायला हवी.