विश्लेषण : चर्चच्या आवारात युवक गट, मुलांची जबाबदारी कोणाची?

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची गावे. शिरूरला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते, तर दौंडला रेल्वे जंक्शनमुळे नोकरदार ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली. अशा गावांतील जुन्या चर्चकडे सभागृह किंवा मोकळे पटांगण असते आणि मुलांच्या गटांना नेमके तेच हवे असते. स्काउट-गाइडचे पथक, गायनवृंद, व्हॉलीबॉलचा संघ, सुटीतील शिबिर यांना जागा दिली जाते. परवानगी मात्र बहुधा तोंडी असते. एखादे मूल जखमी झाले, गैरप्रकाराची तक्रार आली किंवा गटाने जागा सोडायला नकार दिला, तर जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हाच पुढे येतो. अमेरिकेतील चर्चना हा प्रश्न फार महागात पडला. आपल्याकडे अशी वेळ येण्याआधी कायदा काय सांगतो, ते समजून घ्यायला हवे.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेतील स्काउट पथके अनेक दशके चर्चच्या आश्रयाने चालत. चर्च दरवर्षी स्काउट संघटनेशी सनद-करार करी. आपण फक्त सभागृह देत आहोत, असे अनेक चर्चना वाटत होते. करारानुसार मात्र चर्च हे पथकाचे प्रायोजक होते आणि पथकाचे प्रमुख निवडण्याची जबाबदारीही त्याच्याकडे होती. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका'ने १८ फेब्रुवारी २०२० रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर ८२ हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि सुमारे २.४६ अब्ज डॉलरचा भरपाई निधी ठरला. त्यात युनायटेड मेथडिस्ट चर्चने तीन कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

मेथडिस्ट चर्चने २०२२ मध्ये जुनी सनद-पद्धत सोडून नव्या प्रकारचे करार स्वीकारले. त्यात चर्च जागा देते, तर पथक आणि त्याचे प्रमुख यांची जबाबदारी स्काउटच्या स्थानिक परिषदेकडे राहते. मुले तीच, सभागृह तेच. बदलली ती कागदावरील जबाबदारीची वाटणी.

परवाना की भाडेपट्टा?

आपल्याकडे पहिला फरक इथे आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार जागा वापरण्याची नुसती परवानगी म्हणजे परवाना. त्यातून जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात मात्र जागेच्या उपभोगाचा हक्क दुसऱ्याकडे जातो. कागदावर 'परवाना' लिहिले म्हणून तो परवाना ठरत नाही. व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात स्पष्ट केले. सभागृहाची किल्ली कायमची गटाकडेच असेल आणि चर्चला तिथे जाता येत नसेल, तर वादाला जागा राहते.

परवाना साधारणपणे केव्हाही मागे घेता येतो. मात्र कलम ६० मध्ये महत्त्वाचा अपवाद आहे. परवान्याच्या आधारे समोरच्याने स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर परवाना रद्द करता येत नाही. त्यामुळे युवक गटाने वर्गणी काढून पटांगणात शेड किंवा स्वच्छतागृह बांधले, तर पुढच्या वादाचे बीज तिथेच पडते. बांधकामाआधी लेखी अटी ठरवणे दोघांच्याही हिताचे.

सही कोणी करायची?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत मंदिराप्रमाणे चर्चचाही समावेश आहे. न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षे आहे. शिवाय एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो.

अनेकदा चर्चची मालमत्ता स्थानिक मंडळीच्या नव्हे, तर न्यासाच्या नावावर असते. त्यामुळे केवळ पाळकांची सही पुरेशी ठरेलच असे नाही. मालमत्ता नेमकी कोणाची, हा वाद किती लांबू शकतो, याचे उदाहरण गुजरातमधील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन प्रकरणात दिसते. केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने त्या चर्चच्या न्यासाची मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. म्हणून आधी न्यासाच्या नोंदणीचा शेड्युल-१ उतारा पाहावा, विश्वस्तांचा ठराव घ्यावा आणि मगच सही करावी.

दुसऱ्या बाजूचाही प्रश्न आहे. नोंदणी नसलेल्या गटाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. गटाच्या वतीने सही करणारी व्यक्ती स्वतःच जबाबदार धरली जाऊ शकते. अठरा वर्षांखालील 'अध्यक्षा'ने केलेला करार तर मुळातच निरर्थक ठरतो.

मुलांच्या सुरक्षेचे काय?

करारातील सर्वांत मोलाचा भाग हाच. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो होण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आम्ही फक्त जागा दिली' किंवा 'प्रकरण आपापसात मिटवले' असे सांगून या कर्तव्यातून सुटका होत नाही, आणि कोणत्याही करारात तशी सवलत लिहून घेता येत नाही.

पॉक्सो नियम, २०२० नुसार मुलांशी नियमित संपर्क असणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलिस पडताळणी करायची असते. युवक गटांत मात्र बहुतेक काम स्वयंसेवक करतात. नियमात उल्लेख कर्मचाऱ्यांचा असल्याने स्वयंसेवकांची पडताळणी कोण करणार, हे करारातच लिहिणे शहाणपणाचे.

करारात काय असावे?

• जागा कोणती, कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, किल्ली कोणाकडे.
• मुदत, ती संपवण्याची सूचना किती दिवसांची, बांधकामाला मनाई की परवानगी.
• मुलांचे प्रमुख कोण नेमणार आणि त्यांची पडताळणी कोण करणार.
• कोणतीही एक प्रौढ व्यक्ती मुलासोबत एकटी राहणार नाही. सहलीसाठी पालकांची लेखी संमती.
• अपघात झाल्यास उपचार आणि विम्याचा खर्च कोणाचा.
• तक्रार कोणाकडे करायची. चाइल्डलाइन १०९८ आणि पोलिसांचा ११२ क्रमांक दर्शनी भागात लावणे.

लहान गटांवर बोजा पडेल?

कागदपत्रांच्या धास्तीने चर्चने दारेच बंद केली, तर तोटा मुलांचा. लहान गावांत त्यांना एकत्र जमायला दुसरी जागा सहज मिळत नाही. म्हणून करार दोन पानांचा, मराठीत आणि पालकांना वाचता येईल असा असला तरी चालेल. वर्षभराचा परवाना द्यावा आणि नूतनीकरणाच्या वेळी स्वयंसेवकांची यादी पुन्हा तपासावी. हेच तत्त्व मंदिराच्या सभामंडपात भरणाऱ्या संस्कारवर्गाला किंवा गणेश मंडळाच्या जागेतील व्यायामशाळेलाही लागू आहे. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे गावात वाटू शकते. पण पाळक बदलतात, विश्वस्त बदलतात, गटाचे प्रमुखही बदलतात. आज पाठवलेले मूल उद्या कोणाच्या भरवशावर असेल, याचे उत्तर पालकांना कागदावरच मिळते.